पानातल्या शिरांची जाळी बंद का?

प्रश्न असा, की झाडासारखे नुसते फाटे फुटले तर कमी मालात भागतं, मग पानाच्या शिरा एकमेकींना जोडून बंद घरं का करतात? कारण पान शेवटपर्यंत धड राहत नाही! आमच्या देवगडात पावसाळ्यात आंब्याचं पान उजेडात धरून बघा. किड्याने बाजूची शीर कुरतडलेली असते, तरी भोकापलीकडचा भाग हिरवाच. पाणी शेजारच्या बारीक शिरांतून वळसा घालून पोचतं. जिन्को नावाच्या झाडाच्या पानात शिरा नुसत्या दुभंगत जातात, तिथे ही सोय नाही.

आपल्या रक्तवाहिन्यांनाही फाटे फुटतात, पण त्यांचं गणित वेगळं, आणि मला ते फार आवडतं. प्रवाह वाढला की आतल्या अस्तराला घर्षण जाणवतं, नळी रुंदावते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेसिल मरे यांच्या १९२६च्या नियमाप्रमाणे दोन सारखे फाटे फुटले, तर प्रत्येकाची त्रिज्या मूळच्या सुमारे ७९ टक्के असावी. त्यात शक्तीचा खर्च सगळ्यात कमी.