सल्ला हवा: बेल ४०७ हेलिकॉप्टरचा केबिन एसी. गॅस भरायचा की कॉम्प्रेसरच बदलायचा?

हँगर_तीन (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. जुहूला एका छोट्या ऑपरेटरकडे एएमई (विमान देखभाल अभियंता) आहे, बी१.३, म्हणजे टर्बाइन हेलिकॉप्टरचं लायसन्स. आमच्या बेल ४०७ ला नंतर बसवून घेतलेला, म्हणजे एसटीसीवरचा (मूळ रचनेत नंतर केलेल्या बदलाच्या मंजुरीवरचा) एसी आहे. पुढे एक आणि मागे एक असे दोन इव्हॅपोरेटर (हवा गार करणाऱ्या जाळ्या), पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, आर-१३४ए गॅस. ऐन एप्रिल-मेच्या धंद्यात तो रुसलाय. मागच्या सीटवरच्या जाळीतून येणारी हवा १९ अंशांच्या खाली उतरत नाही आणि जमिनीवर उभं असताना तर नुसता पंखा.

गेज लावून पाहिलं. सकाळी बंद अवस्थेत, हँगरमध्ये ३१ अंश असताना, दोन्ही बाजूंना साधारण १०० पीएसआय. चालू केल्यावर, ग्राउंड आयडलला, बाहेर ३६ अंश असताना लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणारी बाजू) ५५ आणि हाय साइड (कॉम्प्रेसरने दाबलेली बाजू) १५०. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तेलाचा हलका ओलावा आहे.

मालकांचं म्हणणं, "गॅस टॉप-अप मारा, नाहीतर अंधेरीतला कार एसीवाला बोलवा, कॉम्प्रेसर तर गाडीचाच दिसतो." मला दोन्ही पटत नाहीये, पण ठामपणे काय सांगायचं तेही सुचत नाहीये. शिवाय कॉम्प्रेसर बदलायचाच झाला तर त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलावं?

टर्बाइनतात्या
आधी ते बंद अवस्थेतलं १०० डोक्यातून काढा. ३१ अंशांना आर-१३४ए चा दाब साधारण तेवढाच असतो. सिस्टममध्ये द्रवरूप गॅस थोडा जरी शिल्लक असला तरी गेज तेच दाखवणार, अर्धा भरलेला असो की पूर्ण. त्यावरून गॅस किती आहे ते कळत नाही. कळतं एवढंच की सिस्टम रिकामी नाही.

चालू असतानाचं रीडिंग जास्त बोलकं आहे. गॅस कमी असता तर दोन्ही बाजू खाली आल्या असत्या. तुमची लो साइड वर आणि हाय साइड खाली आहे, म्हणजे दोघी एकमेकींकडे सरकल्यात. हे लक्षण कॉम्प्रेसर नीट दाबत नसल्याचं, किंवा पट्टा नाहीतर क्लच (कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा) घसरत असल्याचं, किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह (इव्हॅपोरेटरमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) उघडा अडकल्याचं. अशा सिस्टममध्ये वरून गॅस ओतलात तर आजार तसाच राहील आणि वर ओव्हरचार्ज होईल.

पण निकाल देण्याआधी एक गोष्ट. ग्राउंड आयडलवर घेतलेल्या आकड्यांवर कॉम्प्रेसरला फाशी देऊ नका. तो ड्राइव्हलाइनवरून फिरतो, आयडलला त्याचा वेगच कमी असतो. १०० टक्के रोटर आरपीएमला, आयसीएमध्ये (एसटीसीबरोबर येणाऱ्या देखभालीच्या सूचनांमध्ये) दिलेल्या पद्धतीने पुन्हा मोजा आणि बाहेरचं तापमान शेजारी लिहून ठेवा.

खारा_वारा
तात्यांना +१. आणखी तीन गोष्टी बघा, तिन्ही फुकटात होतात.

एक, एक्सपान्शन व्हॉल्व्हचा सेन्सिंग बल्ब. तो इव्हॅपोरेटरमधून बाहेर येणाऱ्या नळीला क्लॅम्पने घट्ट बांधलेला आणि वरून इन्सुलेशन गुंडाळलेला असायला हवा. कंपनांनी क्लॅम्प सैल झाला की बल्बला नळीऐवजी केबिनची गरम हवा लागते, आणि व्हॉल्व्ह समजतो की अजून गॅस हवाय. मग तो उघडाच राहतो. तुमचे दोन इव्हॅपोरेटर आहेत, दोन्ही तपासा.

दोन, क्लचला मिळणारे व्होल्ट. कनेक्टर काढून मोजू नका, क्लच ओढलेला असताना मोजा. जुहूच्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढतो. नुसतं मोजलं तर २८ दाखवतो आणि भार आला की कोसळतो.

तीन, कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी. गावोगावच्या शाळांच्या मैदानांवर उतरत असाल तर त्याच्या पातळ पत्र्यांच्या पंखांत माती आणि गवत ठासलेलं असणार. त्याने हाय साइड वाढते, तुमची कमी आहे, म्हणजे आजचा गुन्हेगार तो नाही. तरी साफ कराच. हलक्या हाताने, आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने. प्रेशर वॉशर मारला की पंख आडवे झोपतात आणि मग ते सरळ करायचा कंगवा घेऊन बसा.

गॅरेजवाला_अंधेरी
गाड्यांच्या एसीत माझी बरीच वर्षं गेली. हेलिकॉप्टरवाल्यांकडून बोलावणं आलं तर मी जाणार नाही, खरं सांगतो. कॉम्प्रेसरचं घराणं एकच असेल, पण आमच्याकडचा क्लच १२ व्होल्टचा. तुमच्या २८ व्होल्टला कॉइल जळेल. बस-ट्रकचा २४ चा बसवा असं सांगणारा कोणीतरी भेटेलच, त्याचंही ऐकू नका.

दुसरं गॅसचं. बाजारात आर-१३४ए च्या नावाखाली काय काय विकलं जातं ते आम्हाला रोज दिसतं. स्वस्त सिलिंडरमध्ये एलपीजीच्या जातीचं मिश्रण निघतं. गार छान करतं, पण जळतं.

टर्बाइनतात्या
गॅरेजवाल्या भाऊंनी लाखमोलाचं सांगितलं. २०११ मध्ये जहाजी मालवाहतुकीच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून कामगार दगावले होते. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड, म्हणजे आर-४० मिसळलेलं निघालं. ते ॲल्युमिनियमशी हळूहळू अभिक्रिया करतं आणि जे तयार होतं ते हवा लागताच पेट घेतं. आपल्या सिस्टममध्ये ॲल्युमिनियमच ॲल्युमिनियम. त्यामुळे सिलिंडर प्रमाणपत्रासह घ्या, आणि जमलं तर रेफ्रिजरंट आयडेंटिफायरला (गॅस कोणता ते ओळखणाऱ्या यंत्राला) एक फुंकर देऊन मगच गॅस काढण्या-भरण्याच्या मशीनला लावा. आधीच्या कोणी काय भरलंय हेही रिकव्हरीपूर्वी (जुना गॅस काढून घेण्यापूर्वी) तपासून घ्या, नाहीतर मशीनची टाकी नासते.

कागदवाली
मी कॅमोत (देखभालीचे कागद सांभाळणाऱ्या विभागात) बसते, त्यामुळे माझा सूर थोडा रुक्ष लागेल.

हा एसी बेलच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. तो एसटीसीवर आहे, म्हणून त्याची देखभाल एसटीसीधारकाच्या आयसीएप्रमाणे. ती प्रत चालू रिव्हिजनची आहे का ते आधी बघा. कित्येक ठिकाणी बसवताना आलेली जुनी फाइलच कपाटात असते. पार्ट नंबर तिथूनच घ्या, जुन्या कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवरून नको, कारण ती मूळ कारखान्याची असते आणि एसटीसीचा नंबर वेगळा असतो. मालकांना हेच दाखवा. दिसायला सारखा असलेला भाग आणि एफएए ८१३०-३, ईएएसए फॉर्म वन किंवा सीए फॉर्म वन (भाग विमानात बसवायला योग्य असल्याचे दाखले) घेऊन आलेला भाग यांत फरक कागदाचा आहे, आणि तो कागद नसेल तर तुम्ही सीआरएसवर (कामानंतर उड्डाणाला सोडण्याच्या दाखल्यावर) सही करू शकत नाही. विषय संपला.

सुटे भाग येईपर्यंत हेलिकॉप्टर उभं ठेवायची गरज कदाचित नसेल. तुमच्या एमईएलमध्ये (काय बिघडलेलं असताना उडता येतं त्या यादीत) एसी आहे का, काय अटी आहेत, ते बघा. साधारणपणे ब्रेकर ओढून कॉलर (तो परत दाबला जाऊ नये म्हणून कडी) लावायची, पॅनेलवर फलक चिकटवायचा आणि टेक लॉगमध्ये डिफर करायचं, म्हणजे दुरुस्ती पुढे ढकलल्याची नोंद करायची. पट्टा मात्र मनाने काढून ठेवू नका, आयसीए परवानगी देत असेल तरच.

आणि हो, मॅनिफोल्ड गेजचं कॅलिब्रेशन कधीचं आहे? ऑडिटमध्ये टॉर्क रेंच सगळे दाखवतात, एसीचं गेज हमखास विसरतात.

चक्री
पायलटच्या बाजूने दोन शब्द. केबिन गरम असली की मागचे पाहुणे कुरकुरतात, पण पुढे दोन तास उन्हात तळून निघालेला माणूस निर्णय उशिरा घेतो, हे मालकांना सांगा. एसीला चैन म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात नागपूरला एक सेक्टर बसून बघावा.

उलट बाजूही आहे. कॉम्प्रेसर फुकट फिरत नाही. फ्लाइट मॅन्युअलच्या सप्लिमेंटमध्ये एसी चालू असतानाची कामगिरी आणि तो कधी बंद ठेवायचा ते दिलेलं असतं. उष्ण दिवशी, भरल्या वजनाने, आडोशाच्या हेलिपॅडवरून उठताना मी तो बंदच ठेवतो. रॉबिन्सन आर४४ मध्ये तर थ्रॉटल पूर्ण उघडायच्या बेतात आला की कॉम्प्रेसरचा क्लच आपोआप सुटेल असा स्विचच दिलाय. आपल्याकडे ते काम माझ्या बोटाचं. तेव्हा काम झाल्यावर स्विच आणि ब्रेकरही तपासून द्या, नुसती हवा गार आली म्हणजे झालं असं नको.

हँगर_तीन
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी १०० टक्के आरपीएमला मोजलं. बाहेर ३४ अंश, लो ५०, हाय १६५. दोन्ही बल्ब जागेवर, इन्सुलेशन शाबूत. क्लचला भाराखाली २७.५ व्होल्ट. पट्ट्याचा ताण आयसीएच्या मर्यादेत, चकाकी किंवा चिरा नाहीत. डाय (चमकणारा रंग) टाकून यूव्ही दिव्याखाली पाहिलं तर कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलपाशी हिरवं चमकतंय, बाकी जोड स्वच्छ.

गॅस रिकव्हर करून कॉम्प्रेसर उतरवला. तेल ओतून मोजलं. ते करड्या रंगाचं आहे आणि बोटांत चोळलं तर बारीक कचकच लागते. म्हणजे कॉम्प्रेसर गेला यात शंका नाही. कंडेन्सर फ्लश करून वापरू का?

शारजाकर
इकडे आखातात आम्ही वर्षभर एसीच करतो म्हणा ना. करडं तेल म्हणजे धातूचा चुरा पूर्ण हाय साइडला पसरलाय असंच धरून चाला.

कंडेन्सर जुन्या पद्धतीचा, एकाच लांब नागमोडी नळीचा असेल तर आयसीएत सांगितलेल्या द्रावणाने फ्लश होऊ शकतो. पण समांतर बारीक वाहिन्यांचा असेल तर पैसे वाचवू नका, बदला. फ्लशचं द्रावण मोकळ्या वाहिन्यांतून निघून जातं आणि तुंबलेल्या तशाच राहतात. नवीन कॉम्प्रेसरला तोच चुरा खायला मिळतो आणि वॉरंटीवाला तेल बघूनच हात वर करतो. मी तरी कॉम्प्रेसर, ड्रायर आणि दोन्ही एक्सपान्शन व्हॉल्व्ह एका दमात बदलेन. होसेस फ्लश करून, कोरड्या नायट्रोजनने फुंकून चालतील, आतलं अस्तर सुटलेलं नसेल तर.

ड्रायरबद्दल एकच. त्याची बुचं सगळ्यात शेवटी, व्हॅक्यूम पंप जोडून तयार असताना काढा. आतले दाणे ओलावा शोषण्यासाठीच आहेत आणि त्यांना ओलावा कुठला ते कळत नाही. बुचं काढून ड्रायर बाकावर ठेवला आणि चहाला गेलात, तर परत येईपर्यंत तो मुंबईची हवा पिऊन बसलेला असेल. तेलाचंही तेच. पीएजी, म्हणजे कॉम्प्रेसरचं कृत्रिम तेल पाणी ओढतं, त्यामुळे छोटे सीलबंद डबे घ्या, उघडून उरलेलं पुढच्या वेळेला वापरू नका. नवीन कॉम्प्रेसरमध्ये कारखान्यातून तेल भरून येतं. ते ओतून मोजायचं आणि जुन्यातून निघालेलं, फ्लशमध्ये गेलेलं, नव्या भागांत राहणारं असा हिशेब आयसीएच्या तक्त्याने करून तेवढंच परत घालायचं. तेल जास्त झालं तरी गारवा कमी होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

खारा_वारा
जोडांबद्दल: ॲल्युमिनियमच्या फिटिंगवर नेहमी दोन पाने, एक धरायला आणि एक फिरवायला. नाहीतर नळीला पीळ बसतो आणि गळती चार दिवसांनी दिसते. ओ-रिंग आर-१३४ए ला चालणाऱ्या, पार्ट नंबरने मागवलेल्याच, आणि बसवताना तेलाचं बोट लावून.

गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजनने. हँगरची कॉम्प्रेस्ड हवा कधीही नको. तिच्यात पाणी असतंच, शिवाय दाबाखाली हवा आणि आर-१३४ए एकत्र आले तर ते मिश्रण पेटू शकतं.

मग व्हॅक्यूम. मॅनिफोल्डच्या काट्यावर विसंबू नका, मायक्रॉन गेज (अगदी सूक्ष्म दाब मोजणारं) लावा. काटा तळाला टेकलेला दिसतो तेव्हाही आत बरंच पाणी असू शकतं. ५०० मायक्रॉनच्या आसपास उतरलं, पंप तोडल्यावर तिथेच टिकलं, तर कोरडं झालं म्हणायचं. वर चढून मध्येच स्थिरावलं तर ओलावा, चढतच राहिलं तर गळती. पावसाळ्यात याला जो वेळ लागतो तो द्यावाच लागतो.

हँगर_तीन
कंडेन्सर समांतर वाहिन्यांचाच आहे. मालकांना आकडा सांगितला, चेहरा पडला, पण ऑर्डर गेली. एक शंका: पट्टा चांगला आहे, तरी बदलू का?

टर्बाइनतात्या
तुमच्या बसवणीत पट्टा ड्राइव्हलाइनच्या शाफ्टवरच्या पुलीवर आहे का ते बघा. असेल तर पट्टा अखंड असल्यामुळे तो घालायला शाफ्ट सोडवावा लागतो, आणि मग ते एसीचं काम राहत नाही, ड्राइव्हलाइनचं होतं. टॉर्क, शिम (पातळ चकत्या), स्वतंत्र इन्स्पेक्शन, सगळं आलं. म्हणून नियम उलटा: आयुष्य शिल्लक असेल तर नुसत्या एसीसाठी शाफ्टला हात लावू नका, पण दुसऱ्या कशासाठी शाफ्ट उघडला गेला तर पट्टा त्याच वेळी बदलून टाका. पुलींची एक रेष मात्र आता तपासाच. नवा कॉम्प्रेसर ब्रॅकेटवर जरा तिरका बसला तरी पट्टा काठाने खायला लागतो. तुटलेला पट्टा फिरत्या शाफ्टच्या शेजारी काय करेल याचा विचार करून ते दहा मिनिटांचं काम करा.

गॅस वजनावरच भरायचा, प्लेटवर लिहिलेला आकडा, तोलकाट्यावर. दाब बघून "आता बरोबर वाटतंय" म्हणत भरणारे हात मी हँगरमध्ये पाहिलेत. क्लच लावण्याआधी कॉम्प्रेसर हाताने काही फेरे फिरवा, त्याच्या आतल्या सिलिंडरमध्ये द्रव साचला असेल तर तो निघून जातो.

कागदवाली
कंडेन्सरचा नवा पार्ट नंबर जुन्याहून वेगळा आला तर वजन तपासा आणि वेट अँड बॅलन्समध्ये फरक नोंदवायचा का ते मला आधी विचारा, नंतर नको. आणि रिकव्हर केलेला गॅस हवेत सोडू नका. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला (असे गॅस टप्प्याटप्प्याने घटवण्याच्या) भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, आर-१३४ए त्याच यादीत येतो. किती काढला, किती भरला हे वर्कऑर्डरमध्ये ग्रॅममध्ये लिहा. पुढच्या वर्षी गॅस कमी झाला का ते त्याच आकड्यावरून कळेल.

चक्री
@हँगर_तीन, आणि पावसाळाभर विमान उभं राहिलं तरी ग्राउंड रनच्या वेळी अधूनमधून एसी चालवत जा. वापर नसला की शाफ्ट सील कोरडं पडतं, असं आमच्या जुन्या चीफ इंजिनियरांनी बजावून ठेवलंय. मला सांगा, रन करताना स्विच मी लावेन.