मेळघाटात शाळेच्या मुलांची पायी भटकंती आणि रात्रीचा मुक्काम: अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

खारपाणपट्टा (प्रश्न)

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत शिकवतो. आमचा भाग काळ्या मातीचा आणि तळहातासारखा सपाट आहे. पावसाळा सरून हवा निवळली की शाळेच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते, पण नववीच्या सव्वीस मुलामुलींपैकी त्या डोंगरावर प्रत्यक्ष पाय ठेवलेली मुले चारच आहेत. या मुलांना डिसेंबरात एक किंवा दोन रात्री जंगलाच्या सान्निध्यात मुक्कामाला न्यावे आणि दिवसा भरपूर चालवावे, अशी इच्छा आहे.

गेल्या वर्षीचा अनुभव मात्र वाईट होता. एका खासगी आयोजकाने 'जंगलात तंबू' असे सांगून पैसे घेतले आणि प्रत्यक्षात डांबरी रस्त्याकडेच्या शेतात तंबू ठोकून दिले. शेजारच्या पाहुण्यांसाठी मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक सुरू होता, आणि सगळ्यांना मिळून एकच शौचालय होते. परतीच्या गाडीत एका मुलीने मला विचारले, "सर, जंगल कोणत्या बाजूला होते?" तिला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

यंदा सहकाऱ्यांपैकी एकाचे म्हणणे आहे की नदीकाठी स्वतःचे तंबू लावावेत, तर दुसऱ्याच्या मते चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर रात्र काढावी. मला दोन्ही गोष्टींची धास्ती वाटते. तंबू नेमके कुठे लावता येतात, व्याघ्रप्रकल्पात पायी चालू देतात का, आणि मुलींची व्यवस्था कशी ठेवावी, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सिपनाकाठ

गुरुजी, रामराम. मी मेळघाटातल्या सेमाडोहच्या बाजूचा कोरकू आदिवासी असून पर्यटकांसोबत गाइड म्हणून जंगलात फिरतो. तुम्हाला वाटलेली धास्ती योग्यच आहे, आणि तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांना माझा निरोप द्या की या दोन्ही गोष्टी करू नयेत.

१९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांपैकी मेळघाट एक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम २७ आणि २८ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही, आणि कलम ३० प्रमाणे तिथे आग लावणे हा गुन्हा आहे. म्हणजे नदीकाठी आपल्या मनाने तंबू ठोकून शेकोटी पेटवली, तर एकाच रात्रीत दोन कलमे मोडली जातात. गाविलगडसुद्धा जंगलाच्याच हद्दीत असल्यामुळे तो दिवसा पाहून संध्याकाळपूर्वी खाली यावे लागते. ही बंधने कोणाच्या हौसेवर विरजण घालण्यासाठी केलेली नाहीत. रात्री नदीचा काठ हा जनावरांचा असतो. सांबर, रानगवा, अस्वल सगळे तिथेच पाण्यावर येतात आणि त्यांच्या मागे वाघ आणि बिबट्याही येतात. सव्वीस मुले त्या वाटेवर झोपवली तर ती जनावरे तहानलेली राहतील, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

मुक्काम वनविभागाच्या संकुलातच करा. सेमाडोहला खोल्या आणि सामूहिक निवास दोन्ही आहेत. चिखलदऱ्याजवळच्या आमझरीतही निसर्ग पर्यटनाची सोय असून ते गाव आता मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. शाळेच्या पत्रावर मुलांची नावे, वये आणि शिक्षकांची नावे लिहून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे किमान महिनाभर आधी अर्ज द्या, आणि कोणत्या पायवाटेने चालू द्याल हे त्याच अर्जात विचारा. ज्या वाटेला परवानगी मिळेल तिथे गाइड सोबत घेऊनच चालायचे असते.

आता चालण्याविषयी लिहितो, कारण खरा आनंद त्यातच आहे. मुलांना वाघ दाखवण्याचे आश्वासन देऊ नका. मी त्यांना पहिला अर्धा तास फक्त जमीन दाखवतो. अस्वलाने वारूळ उकरले असेल तर तोंडापाशी ओंजळभर खोल खड्डा असतो, मातीवर नखांचे लांब ओरखडे असतात आणि माती ओली असली तर काम आज पहाटेचे असते. एकदा एका मुलाने त्या खड्ड्याजवळ नाक नेऊन सांगितले की आत ओल्या मातीचा वास येतो, आणि त्यानंतर त्या गटातला एकही मुलगा मोठ्याने बोलला नाही. अस्वल पायी चालणाऱ्यासाठी वाघापेक्षाही अधिक धोक्याचे असते, कारण ते खाण्यात गुंतलेले असते आणि माणूस अगदी जवळ आल्यावरच दचकून अंगावर येते. म्हणून वळणावर गाइड थांबला की सगळ्यांनी थांबायचे, हा नियम मुलांकडून शाळेच्या मैदानावरच पाठ करून घ्या.

आमच्या भाषेत सिपना म्हणजे साग आणि कुला म्हणजे वाघ. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या आमच्या पाच नद्या असून पाचही शेवटी तापीला मिळतात. ही नावे मुलांना येण्यापूर्वी नकाशावर शोधायला लावली, तर इथे पूल ओलांडताना ती आपणहून नदी ओळखतात.

नरनाळ्याचा वाटसरू

सर, सिपनाकाठ दादांनी लिहिलेले सर्व मान्य करून मी एक वेगळा पर्याय सुचवतो. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्या मुलांसाठी सेमाडोहचा घाट लांब पडतो, आणि परतवाड्यापुढची वळणे सुरू झाली की निम्मी मुले गाडीत ओकाऱ्या काढतात. तुमच्या दर्यापूरहून अकोटमार्गे शहानूर जवळ आहे. शहानूर हे नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचे गाव असून किल्ला आणि भोवतालचे अभयारण्य मेळघाटच्याच व्यवस्थापनात येते. मी अकोटला राहतो आणि गेली अनेक वर्षे हिवाळ्यात तिथे जातो.

किल्ल्यावर पायी चढू देतील की वाहनानेच जावे लागेल, हे प्रवेशद्वारावरील कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. वाहनाने जावे लागले तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड अशा तीन गडांनी मिळून बनलेला हा किल्ला आतूनच दिवसभर चालण्याएवढा विस्तीर्ण आहे. महाकाली दरवाजापाशी मुलांना घाई करू नका. बहमनी काळातल्या या दरवाजावर १४८७ सालचा शिलालेख आहे आणि तो फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याच्या वेळचा आहे. याच माणसाने पुढे १४९० साली वऱ्हाडची इमादशाही स्थापन केली. आपल्या वऱ्हाडाची स्वतःची राजवट होती, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जाते, पण त्या दगडातल्या अक्षरांच्या खोबणीवरून नजर फिरली की मुले ते विसरत नाहीत. मागच्या खेपेस माझ्यासोबतच्या पुतणीने कमानीतली कमळे मोजत मोजत संपूर्ण दरवाजा वहीत उतरवला आणि त्यात दीड तास गेला. तो दीड तास मी कोणत्याही सफारीपेक्षा मोलाचा मानतो.

दोन धोके सांगून ठेवतो. जुन्या कमानींना आणि कड्यांना आग्यामोहोळ लागलेली असतात. अत्तर, उग्र वासाचे केसांचे तेल, धूर, आरडाओरडा आणि दगड मारणे या पाच गोष्टींना पूर्ण बंदी ठेवा. माश्या उठल्याच तर हात झटकू नयेत, डोके आणि चेहरा कापडाने झाकून त्या जागेपासून दूर पळावे. दुसरा धोका तटबंदीच्या ढासळलेल्या कडांचा आहे. वाळलेल्या गवताखाली कड कुठे संपते ते दिसत नाही, म्हणून छायाचित्रासाठी कोणालाही तटावर चढू देऊ नये.

त्या गवताविषयीही एक सूचना करतो. डिसेंबरात कुसळ पूर्ण पिकलेले असते आणि त्याची टोके मोज्यांतून थेट कातडीत शिरतात. सुती मोजे आणि आखूड विजार घातलेली मुले दहाव्या मिनिटाला खाली बसून काटे वेचू लागतात. जाड कापडाची पूर्ण विजार आणि घोट्याच्या वर येणारे बूट असावेत. नवे बूट मात्र घेऊ नयेत, कारण ते पाय सोलतात.

गावची परिचारिका

सर, मुलींच्या व्यवस्थेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसोबत किमान एक शिक्षिका मुक्कामाला असलीच पाहिजे. सॅनिटरी पॅडचा साठा तिच्याकडे असावा, आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून परत आणण्यासाठी वेगळी जाड पिशवी असावी. ते जंगलात पुरले तर जनावरे उकरून काढतात. शौचालयाची दारे आतून लागतात का, हे संकुलात पोहोचल्याबरोबर पाहावे. अनेक मुली दार नीट लागत नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग चालताना चक्कर येऊन पडतात. हे मी एका सहलीत प्रत्यक्ष पाहिले आहे.

झोपण्याबाबत फार काटेकोर राहा. आपल्या भागात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावण्याच्या घटना होतात. मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही आणि सूजही येत नाही, त्यामुळे पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. पलंग असेल तर पलंगावर झोपवावे, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात. मलेरियासाठीही तिचा उपयोग होतोच. रात्री उठताना बॅटरी लावल्याशिवाय पाय खाली टाकू नये, आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. दंश झाल्याची शंका जरी आली तरी कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता, मुलाला न चालवता थेट रुग्णालयात न्यावे. परतवाडा-अचलपूर आणि धारणी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. तुम्ही अकोटच्या बाजूने गेलात तर तिथल्या सरकारी रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आधी घेऊन कागदावर लिहून ठेवा, कारण जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगा. सहलीनंतर दोन आठवड्यांत कोणाला जोराचा ताप आला, तर डॉक्टरांना 'मूल जंगलात गवतात फिरून आले आहे' हे आवर्जून सांगावे. गवतातील सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. चाव्याच्या जागी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते आणि ती काखेत किंवा जांघेत असल्याने पाहायची राहून जाते. वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी तो आजार बरा होतो, पण उशीर झाला तर जिवावर बेततो.

मोहफूल

वरील सर्वांनी उत्तम लिहिले आहे. मी फक्त एवढेच जोडतो की खाजकुयलीच्या शेंगा मुलांना पहिल्याच दिवशी लांबून दाखवाव्यात. मखमली, सोनेरी आणि हात लावावासा वाटणारी ती शेंग असते. तिची लव अंगाला लागली तर खाजवू नये आणि चोळू नये. ती जागा कोरड्या शेणाने किंवा मातीने हलकेच पुसून मग धुवावी, असे आमच्याकडे करतात.

तुमची सहल पुढे ढकलली गेली तर ती फेब्रुवारीच्या मध्यानंतर नेऊ नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम असतो, वनमजूर दिवसरात्र जाळरेषांवर (आग पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांवर) असतात आणि मार्चमध्ये मोह गळू लागला की पहाटे झाडांखाली माणसे आणि अस्वले एकाच वेळी पोहोचतात.

खारपाणपट्टा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज शाळेत बैठक झाली आणि नदीकाठच्या तंबूचा व गडावरील मुक्कामाचा विचार आम्ही सोडून दिला. शहानूरला दोन रात्री राहावे, एक पूर्ण दिवस नरनाळ्यासाठी ठेवावा आणि दुसऱ्या सकाळी परवानगी मिळेल त्या पायवाटेने गाइडसोबत चालावे, असे ठरले. आमच्या दोन शिक्षिका सोबत येण्यास तयार आहेत. वनविभागाला द्यायच्या पत्राचा मसुदा मी आजच लिहीत आहे.

एक प्रश्न उरतो. वर्गातील एका मुलाचा डावा पाय जन्मापासून अधू आहे. तो चालतो, पण सावकाश, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बसतो. त्याला घरी ठेवावे असे त्याचे वडील म्हणतात, आणि तो मात्र रोज माझ्या टेबलाशी येऊन सहलीची तारीख विचारतो.

सिपनाकाठ

गुरुजी, त्याला आणा. आम्ही ओळ लावतो तेव्हा सर्वांत सावकाश चालणारा माणूस गाइडच्या लगेच मागे असतो आणि बाकीचे त्याच्या मागे राहतात. शेवटी ठेवले तर तो धापा टाकत पोहोचतो आणि तोवर पुढचे निघालेले असतात. पुढे ठेवले तर त्याचाच वेग सगळ्यांचा वेग होतो. तो बसेल तेव्हा सगळे बसतील, आणि बसल्यावरच पक्षी जवळ येतात. शहानूरच्या गाइडला मी सांगून ठेवीन, तो माझ्या ओळखीचा आहे.

नरनाळ्याचा वाटसरू

सर, किल्ल्यावर गाडी जाते, त्यामुळे चढणीचा प्रश्न येणार नाही. वर पोहोचल्यावर शक्कर तलावापर्यंत तो बसत-उठत चालू शकेल. नऊगजी तोफ पाहायची असेल तर मात्र जास्त वेळ हाताशी ठेवावा. तलावाच्या काठावर मोठे सपाट दगड आहेत आणि सकाळी नऊपर्यंत तिथे ऊन छान येते. दुपारच्या जेवणाच्या भाकरी आणि ठेचा खालूनच बांधून घ्यावा, वर काही मिळत नाही, आणि पाणी माणशी किमान दोन लिटर न्यावे. तारीख ठरली की इथेच कळवा, मी सकाळी शहानूरच्या प्रवेशद्वारापाशी येऊन थांबेन. माझ्याकडे दोन दुर्बिणी आहेत, त्यांपैकी हलकी असलेली त्याच्यासाठी आणतो.