छापील पत्रसंग्रहांत पूर्वीचे वाचक काय शोधत असत?

बोरू (पुणे) यांचा प्रश्न:

नमस्कार. आजोबांच्या कपाटात मला वासुदेवशास्त्री खरे यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चा, म्हणजे पेशवाईतील जुन्या पत्रांच्या छापील संग्रहाचा, एक सुटा भाग मिळाला. त्याचा पुठ्ठा निघालेला आहे आणि पाने उलटताना कडांचे तुकडे हाताला लागतात. तो वाचायला घेतला खरा, परंतु माझे लक्ष मजकुरापेक्षा समासाकडेच अधिक जाऊ लागले, कारण कोणा जुन्या वाचकाने शिसपेन्सिलीने त्यात जागोजागी खुणा केल्या आहेत. लढाईच्या हकिकतींशेजारी मात्र एकही खूण नाही. खुणा आहेत त्या कर्जाच्या आकड्यांशी, दाण्यावैरणीच्या टंचाईशी आणि एका आडनावाशी. ते आडनाव तीन ठिकाणी अधोरेखित करून शेजारी 'आमचे' असे लिहिले आहे. अक्षर आजोबांचे नव्हे, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

माझा प्रश्न असा की, असे संग्रह प्रथम छापून आले तेव्हा वाचकांनी ते कोणत्या अपेक्षेने हाती घेतले? दुसऱ्याचे पत्र उघडू नये, ही शिकवण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. मग छापलेले पत्र वाचताना त्यांना संकोच वाटत नसे काय?

दप्तरखाना यांचे उत्तर:

आपल्या अनामिक वाचकाचे 'आमचे' मला फार मोलाचे वाटते. पुण्यात १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघाले. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर ही मंडळी त्यामागे होती. बखरी आणि जुन्या कवितांबरोबर त्यात ऐतिहासिक पत्रे व याद्या छापल्या जाऊ लागल्या. खरेशास्त्र्यांनी मिरजेस शिक्षकी करता करता पटवर्धन सरदारांच्या दप्तरातील पत्रे १८९७ पासून प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. या साऱ्यांच्या वाचकवर्गात असे असंख्य लोक होते की ज्यांच्या स्वतःच्या माळ्यावर तसलीच रुमालांत बांधलेली दप्तरे पडून होती. पेशवाई जाऊन तेव्हा शंभर वर्षेही झालेली नव्हती. पत्रांतला कारकून, सावकार किंवा पथक्या (घोडदळाच्या पथकाचा प्रमुख) हा कोणाचा तरी खापरपणजा असे, आणि म्हणून वाचक प्रथम आपले आडनाव शोधत असे. यात पोकळ कुलाभिमान होता असे मी म्हणणार नाही. इनाम कमिशनच्या, म्हणजे इंग्रज सरकारने इनाम जमिनींचे हक्क तपासले त्या, काळात ज्या घरांनी जमिनीचा हक्क शाबीत करण्यासाठी कागद धुंडाळले होते, त्यांना जुन्या कागदात आपले नाव सापडणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक होते. कागद बाहेर गेले तर हक्क जाईल, या भीतीने कित्येकांनी आपली दप्तरे संशोधकांना दाखवलीही नाहीत, आणि मग त्यांतली किती वाळवीने खाल्ली व किती रद्दीत गेली, हे आठवले की आजही जीव हळहळतो.

संकोचाविषयी माझे मत असे आहे की या पत्रांच्या बाबतीत तो वाटण्याचे कारणच नव्हते. ती एकट्याने वाचण्यासाठी लिहिलेली नसत. सरदाराकडे आलेले पत्र कारकून वाचून दाखवी आणि ते कोणत्या दिवशी पोचले याची 'पैवस्ती' त्यावर नोंदली जाई. 'विज्ञापना ऐसीजे' म्हणून सुरू झालेला मजकूर 'बहुत काय लिहिणे' येथे संपेपर्यंत चार माणसांच्या कानांवरून गेलेला असे. छापील ग्रंथाच्या वाचकाने फार तर त्या बैठकीत पाचवी जागा घेतली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नुसती पत्रे सामान्य वाचकाला झेपत नसत. खरेशास्त्री पत्रांबरोबर त्या त्या प्रकरणाची सलग हकिकत सांगत, आणि अनेकांनी पत्रे सोडून तेवढीच वाचली असावी असा माझा तर्क आहे. राजवाड्यांच्या पहिल्या खंडाचेही तसेच झाले. पानिपताचा दोष त्यांनी प्रस्तावनेत ज्यांच्या माथी मारला, त्यावर पुढे कित्येक वर्षे वाद झडला, पण मूळ पत्रे घेऊन त्या वादात उतरणारे थोडेच निघाले.

समास यांचे उत्तर:

दप्तरखाना यांचे म्हणणे राजकारणाच्या पत्रांपुरते मान्य आहे, परंतु संकोच ही अलीकडची भावना आहे असा त्यातून कोणी अर्थ काढू नये. इटालियन कवी पेत्रार्क याला १३४५ साली व्हेरोना येथे प्राचीन रोमन वक्ता व लेखक सिसेरो याची खासगी पत्रे सापडली. ज्याला त्याने आयुष्यभर तत्त्वज्ञ म्हणून पूजले, तो त्या पत्रांत राजकारणाच्या भांडणांत गुरफटलेला, घाबरणारा आणि मत बदलणारा माणूस निघाला. पेत्रार्क इतका व्यथित झाला की जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मरण पावलेल्या सिसेरोलाच त्याने पत्र लिहून जाब विचारला. पत्रसंग्रहाच्या वाचकाने दिलेला याहून उत्कट प्रतिसाद मला माहीत नाही.

आपल्याकडे गालिबचे उदाहरण आहे. त्याची उर्दू पत्रे छापण्याची इच्छा चाहत्यांनी १८५८ च्या सुमारास प्रकट केली, तेव्हा त्याने ती मोडून काढली. सहज लिहिलेला मजकूर चव्हाट्यावर आला तर कवी म्हणून आपल्या लौकिकाला बाधा येईल, असे त्याला वाटे. अखेर 'ऊद-ए-हिंदी' १८६८ मध्ये निघाले आणि दुसरा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच आला. ज्या सहजपणाची त्याला धास्ती होती, त्याच सहजपणासाठी लोकांनी ती पत्रे डोक्यावर घेतली.

जाता जाता, लोकहितवादींची 'शतपत्रे' या चर्चेत आणू नयेत. ती 'प्रभाकर' या साप्ताहिकात छापण्यासाठीच लिहिलेली होती. रूप पत्राचे असले तरी तो निबंधच आहे.

टाकदौत यांचे उत्तर:

मी केवळ एका घरातला अनुभव सांगते. कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा विवाहापूर्वीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कुसुमावतीबाई जाऊन अकरा वर्षे झाली होती. दोघांची ओळख येथल्या फर्ग्युसन महाविद्यालयातली, त्यामुळे पुण्याच्या वाचकाला त्या पत्रांतला परिसर आपल्या पायाखालचा होता. आमच्या आईने ते पुस्तक वाचनालयातून आणून त्यावर वर्तमानपत्राचे वेष्टन घातले होते. दुपारी शेजारच्या काकू येत आणि आई त्यांना त्यातले काही वाचून दाखवी. मध्येच तिचा आवाज थांबे, ती एक परिच्छेद मनातल्या मनात वाची आणि पुढच्या ओळीपासून पुन्हा मोठ्याने सुरुवात करी. काकूंनी 'मधले काय गं?' असे कधीही विचारले नाही. दोघींचीही लग्ने पाहून-ठरवून झालेली होती. ज्या पत्रांत दोन माणसे लग्नाआधी एकमेकांना समजून घेत होती, ती पत्रे त्या चोरून वाचत नव्हत्या, तर जपून वाचत होत्या, असे मला आज वाटते.

बोरू:

सर्वांचे मनापासून आभार. टाकदौत यांचे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. दप्तरखाना यांच्या उत्तरानंतर मी ती तीन पाने भिंगाखाली पुन्हा पाहिली. पहिल्या दोन ठिकाणी 'आमचे' ठळक आहे. तिसऱ्या ठिकाणी त्यापुढे पुसट प्रश्नचिन्ह आहे, जे मला पूर्वी दिसलेच नव्हते. त्या पत्रात त्याच आडनावाचा गृहस्थ सांगितल्या वेळी रसद घेऊन पोचला नाही, अशी तक्रार आहे. पुढच्या भागात त्याने काही खुलासा केला आहे काय, हे पाहण्यासाठी शनिवारी भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात जाणार आहे.