जिल्ह्यातल्या गरीब मुलांचा वेगळा आकडा कसा काढायचा?

प्रश्न
शाश्वत विकास उद्दिष्टांतल्या लक्ष्य १.२ नुसार २०३० पर्यंत सर्व प्रकारची गरिबी निम्म्यावर आणायची आहे, आणि त्यात मुलांचा स्पष्ट उल्लेख आहे. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात (आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांतली घराची वंचितता मोजणारा) २०१५-१६ ते २०१९-२१ दरम्यान देशातल्या गरिबांचं प्रमाण २४.८५ वरून १४.९६ टक्क्यांवर आलं. जिल्ह्यांचे आकडे मिळाले, मुलांचे वेगळे हवेत. हा निर्देशांक ज्यावर आधारला आहे त्या एनएफएचएस-५ मधून (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी) काढता येतील का?

प्रतिसाद १
हो. कुटुंबातल्या सदस्यांची फाइल घ्या. निर्देशांकाचे बाराही निर्देशक आधी कुटुंबाच्या पातळीवर काढा, ते प्रत्येक सदस्याला जोडा, मग १८ वर्षांखालचे नेहमीचे रहिवासी तेवढे ठेवून पाहणीच्या फाइलमधला नमुना-भार लावून गरिबांची टक्केवारी काढा. हा नमुना-भार १० लाखांनी भागायला विसरू नका.

एक चूक हमखास होते. प्रत्येक निर्देशकाला वजन असतं, आणि वंचिततेच्या वजनांची बेरीज १/३ किंवा जास्त झाली तर घर गरीब. पोषण १/६, शाळेतली उपस्थिती १/६. दोन्हींत वंचित असलेलं घर बरोबर १/३ वर, म्हणजे गरीब. ही वजनं ०.१६६ अशी लिहिली तर बेरीज ०.३३२ होते आणि ते घर यादीतून गळतं. त्यामुळे अपूर्णांकच वापरा.

प्रतिसाद २
गणित बरोबर आहे, पण हा आकडा गरीब घरांतल्या मुलांचा झाला, मुलांच्या गरिबीचा नव्हे. मूल कुपोषित (१/६), स्वयंपाक चुलीवर, शौचालय नाही, घर कच्चं (प्रत्येकी १/२१): बेरीज सुमारे ०.३१. हे घर निर्देशांकात गरीब ठरतच नाही! शिवाय उपस्थिती आठवीच्या वयापर्यंतच मोजतात, त्यामुळे सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी तिथे दिसत नाही.

म्हणून युनिसेफच्या 'मोडा' पद्धतीसारखी वंचितता मुलागणिक मोजा आणि वयोगट वेगळे ठेवा: ० ते ४ साठी शारीरिक वाढ आणि लसीकरण, ५ ते १७ साठी शिक्षण, पाणी, शौचालय, घर दोन्हींना. गरीब घरांतल्या मुलांचा आणि हा, असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.

प्रतिसाद ३
जिल्ह्यामागे नमुना सरासरी ९०० कुटुंबांचा, त्यामुळे तालुका किंवा जातवार फोड करू नका, आकडा डळमळतो. फुटपाथवरची आणि बालगृहातली मुलं घरोघरच्या पाहणीत येतच नाहीत. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं त्या काळात कारखान्याच्या तळावर असतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची यादी, शाळेचा पट आणि अंगणवाडीची नोंदवही ताडून पाहा. मात्र ही नावं पाहणीच्या टक्केवारीत मिसळू नका, वेगळ्या तक्त्यात ठेवा.