जॉर्ज कार्लिन यांचे स्मरण : काय दाखवावे, काय वगळावे?

अंत्रुजवासी (फोंडा)

नमस्कार. येत्या २२ जूनला अमेरिकी विनोदवीर (स्टँड-अप कॉमेडियन) जॉर्ज कार्लिन यांचा स्मृतिदिन आहे. २००८ साली याच तारखेला कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. त्या संध्याकाळी त्यांच्या कार्यक्रमांतील निवडक भाग पडद्यावर दाखवून त्यांवर बोलायचे, असे आमच्या वाचक मंडळाने ठरवले आहे. मंडळात त्यांचे जुने चाहते मोजकेच आहेत. बाकीच्यांनी मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांपलीकडे त्यांना पाहिलेले नाही, म्हणून निवड नीट व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की, मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी धर्मावरचे आणि शिव्यांचे सगळे भाग वगळायला सुचवले आहे. गेलेल्या माणसाची आठवण काढताना कोणाचे मन दुखावू नये, घरातल्या सामानावरचा प्रसिद्ध भाग आणि बेसबॉल व अमेरिकी फुटबॉल यांच्या तुलनेचा भाग दाखवला तरी पुरे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. आमच्या तालुक्यात देवळे पावलोपावली आहेत, कार्यक्रमाला ख्रिस्ती शेजारीही येतील, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भेटल्यावर कोणी तोंड फिरवू नये ही काळजी रास्तच आहे. तरीही, जो माणूस पन्नासएक वर्षे रंगमंचावर उभा राहून लोक जे बोलायला कचरतात तेच बोलत राहिला, त्याला सोवळे नेसवून लोकांपुढे आणणे मला पटत नाही. १९७७ ते २००८ या काळात एचबीओवर त्यांचे चौदा विशेष कार्यक्रम झाले. त्यांतून दीड तासाचे काय निवडावे आणि वादाचे भाग दाखवायचे झाले तर कसे, हे जाणकारांनी सांगावे.

सालसेतकर (मडगाव)

अंत्रुजवासी बाब, माझा दिवस कोर्टात जातो, त्यामुळे मी 'सात शब्दां'विषयीच लिहितो.

टेलिव्हिजनवर कधीच उच्चारता येणार नाहीत अशा सात शब्दांचा हा भाग १९७२ सालचा. त्याच वर्षी जुलैत मिलवॉकी येथील समरफेस्ट या संगीत महोत्सवात तो सादर केल्याबद्दल कार्लिन यांना रंगमंचावरून उतरताच अटक झाली. डिसेंबरात न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. भाषा असभ्य आहे, पण तिच्यामुळे शांतता भंग झालेली नाही आणि बोलण्याचे स्वातंत्र्य त्यांना आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या रेडिओ केंद्राने अशाच एका भागाचे ध्वनिमुद्रण भर दुपारी प्रसारित केले. मुलाबरोबर गाडीतून जाताना ते ऐकलेल्या एका वडिलांनी तक्रार केली, आणि फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ३ जुलै १९७८ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल केंद्राच्या विरोधात गेला.

हा निकाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्लिन यांचा भाग अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली गेली नव्हती. रेडिओ न बोलावता घरात शिरतो आणि दुपारी तो मुलांच्या कानी पडतो, म्हणून अशा प्रसारणावर वेळेचे बंधन घालता येते, एवढेच न्यायालयाने मान्य केले. शिवाय त्या भागाचा शब्दशः उतारा निकालपत्राला परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे, त्यामुळे कायद्याच्या विद्यार्थ्याला तो आजही अभ्यासावा लागतो.

तो भाग लक्षपूर्वक ऐकल्यास असे दिसते की, त्यात कार्लिन कोणालाही शिवी देत नाहीत. ते एकेक शब्द हाती घेतात, त्याचा नाद तपासतात, एखादा शब्द तर खाऊच्या नावासारखा ऐकू येतो असे म्हणतात, जोडशब्द वेगळा मोजायचा की नाही यावर काथ्याकूट करतात आणि यादी कोणी व कशाच्या आधारे केली असे विचारतात. इतक्या शांतपणे चाललेली ही चौकशी शिव्यांची म्हणून कापून टाकणे अन्यायाचे होईल. आपले सभागृह काही रेडिओ नव्हे. फलकावर 'केवळ १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी' असे ठळक लिहावे आणि भाषेची पूर्वकल्पना द्यावी, म्हणजे जो येईल तो जाणूनबुजून येईल.

डिचोलीकर

माझ्या मते सुरुवात शेवटच्या कार्यक्रमापासून करावी. तो १ मार्च २००८ रोजी सांता रोझा येथून थेट प्रसारित झाला आणि पुढे चार महिन्यांच्या आत ते गेले. त्याचा आरंभीचा मोठा भाग म्हातारपण आणि मरण यांवरच आहे. मेलेल्या मित्राचे नाव पत्त्यांच्या वहीतून कधी खोडावे, गेलेले आईवडील वरून हसतमुखाने आपल्याकडे पाहत आहेत असे लोक इतक्या खात्रीने कसे सांगतात, आणि एखादा खालून आपल्याकडे पाहत ओरडत असेल असे कधी कोणी का म्हणत नाही, हे सगळे त्यात येते. तेव्हा त्यांचे हृदय पुष्कळ वर्षांपासून अधू होते, पहिला झटका १९७८ सालीच येऊन गेला होता, आणि तरीही आवाजात कंप नाही, एखादा शब्द मागेपुढे नाही.

त्यातच सांत्वनाला येणाऱ्यांविषयीचा तुकडा आहे. 'काही मदत लागली तर सांगा' असे म्हणणाऱ्याला लगेच काम सांगावे, शनिवार-रविवारी येऊन गॅरेज रंगवून दे म्हणावे, असे ते सुचवतात. गेल्या पावसाळ्यात माझे वडील वारले. समाचाराला येणाऱ्यांसाठी पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. उठताना प्रत्येक जण 'काही लागले तर हाक मार' म्हणायचा आणि आई नुसती मान हलवायची. एक शेजारी मात्र काहीच बोलले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात ठेवलेल्या बादलीत वरून थेंब पडत होते, ते त्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिडी घेऊन आले, फुटलेले मंगळुरी कौल त्यांनी बदलले आणि चहा न घेताच गेले. काही दिवसांनी मी हा कार्यक्रम पुन्हा लावला, तेव्हा हा तुकडा ऐकताना मी हसलो आणि रडलोही.

म्हणून शोकाची थट्टा करणारा माणूस अशी त्यांची ओळख करून देऊ नये, ही विनंती. दुःखावर त्यांनी हात टाकलेला नाही. दुःखाच्या जवळ जाण्याचे टाळता यावे म्हणून आपण जी तयार वाक्ये वापरतो, ती त्यांनी समोर मांडली. ज्या स्मरणसभेत हा भाग नसेल, तेथे आपण सगळे तीच वाक्ये पुन्हा म्हणत बसू.

बार्देशची लेक (साळगाव)

धर्मावरचे सगळेच भाग एका मापाने मोजू नयेत, असे मला वाटते. १९९९ सालच्या कार्यक्रमातील देवाविषयीचा भाग फार कठोर आहे. आकाशात राहणारा, दहा गोष्टींची यादी बाळगणारा आणि सदा पैशांची गरज असलेला कोणी, असे त्याचे वर्णन ऐकून श्रद्धाळू माणसाला लागणारच. १९७२ सालचे कॅथलिक शाळेवरचे भाग मात्र आत राहून आलेल्या मुलाने सांगितलेले आहेत. न्यूयॉर्कमधील कॉर्पस क्रिस्टी शाळेत कार्लिन शिकले. तिथल्या शिक्षकांनी प्रश्न विचारायला शिकवले आणि त्यामुळेच आपली श्रद्धा गेली, असे ते सांगत, पण त्या शाळेविषयीचा जिव्हाळा त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत टिकला.

त्यांतील एक प्रसंग आपल्या गोव्यात तर दाखवायलाच हवा. ईस्टरच्या काळात ख्रिस्तप्रसाद घेण्याचे कर्तव्य राहून गेले आहे, मुदतीचा शेवटचा रविवार आहे, तुम्ही भर समुद्रात जहाजावर आहात, जहाजावरचा पाद्री बेशुद्ध पडला आहे, सोमवार उजाडतो आणि मुदत संपते. पण तेवढ्यात जहाज आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते! आता पाप लागले की नाही, असा प्रश्न वर्गातली मुले पाद्रीबाबांना विचारतात. आमच्या शेजारच्या आंकलनी उभी हयात तारवटी (खलाशी) म्हणून काढली. त्यांना मी हा भाग ऐकवला, तेव्हा ते हसता हसता खुर्चीवरून उठले आणि जहाजावर नाताळ नेमका कोणत्या दिवशी धरायचा यावरून झालेला खरा वाद त्यांनी मला तासभर सांगितला. दर रविवारी न चुकता मिस्साला जाणारे ते गृहस्थ आहेत. ख्रिस्ती शेजाऱ्यांना काय झेपेल हे आपणच परस्पर ठरवू नये. तियात्रात, म्हणजे आपल्या कोकणी नाटकात, कांतारांतून (गाण्यांतून) मंत्र्यासंत्र्यांची नावे घेऊन टोले लगावले जातात, तेव्हा टाळ्या वाजवणारा हाच प्रेक्षक असतो.

जाता जाता सांगते, आपल्यासारखाच पेच न्यूयॉर्कमध्येही पडला होता. कार्लिन लहानाचे मोठे झाले त्या वेस्ट १२१व्या रस्त्याला त्यांचे नाव देण्याची मागणी झाली, तेव्हा तिथल्या चर्चने हरकत घेतली. शेवटी २०१४ साली चर्च आणि शाळा असलेला भाग सोडून त्याच रस्त्याच्या पलीकडच्या भागावर नावाची पाटी लागली.

मांडवीकाठ (पणजी)

मी कार्लिन यांचा जुना चाहता आहे, तरी वरच्या सर्व प्रतिसादांना एक पुस्ती जोडतो. काही वगळणे म्हणजे त्यांच्याशी द्रोह करणे, असा सूर येथे लागत आहे, आणि तो मला मान्य नाही. 'पुष्कळ माणसे मेली की मला बरे वाटते' अशा अर्थाच्या नावाचा एक कार्यक्रम त्यांनी तयार केला होता. ९ आणि १० सप्टेंबर २००१ रोजी लास वेगासमध्ये त्याचे ध्वनिमुद्रणही झाले. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. त्यानंतर ते नाव आणि त्यातला मुख्य भाग बाजूला ठेवून त्यांनी नोव्हेंबरात वेगळा कार्यक्रम सादर केला. बाजूला ठेवलेले ध्वनिमुद्रण लोकांसमोर आले ते २०१६ साली, त्यांच्या पश्चात. कोणाचेही ऐकून न घेणाऱ्या या माणसाला वेळ कळत होती. म्हणून प्रश्न वगळण्याचा नाही, कोण आणि कशासाठी वगळतो याचा आहे. ऐकणाऱ्याची जखम ओली आहे म्हणून थांबणे वेगळे, आणि सभा सुरळीत पार पडावी म्हणून थांबणे वेगळे.

त्यांचे शेवटच्या दहा वर्षांतले सगळेच मला आवडते असे नाही. माणसाच्या नाशात त्यांना वाटणारी गोडी पुढे पुढे कडवट होत गेली. १९९२ सालच्या कार्यक्रमात पृथ्वीला काही होणार नाही, जायचे आहे ते आपल्याला, असे ते म्हणतात, तेव्हा त्या वाक्यात अजून आश्चर्य आहे, खेळ आहे. खाणपट्ट्यात धुळीने लाल झालेली झाडे पाहत वाढलेल्या मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, पण तो भाग विसरताही येत नाही. तो जरूर दाखवावा आणि त्यावर भांडावेही.

आणखी एक विनंती आहे. जानेवारी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधाराने त्यांच्या आवाजाची नक्कल करून तासाभराचा एक 'नवा' कार्यक्रम इंटरनेटवर टाकण्यात आला होता. त्यांची कन्या केली कार्लिन यांनी त्याचा जाहीर निषेध केला, वारसांनी दावा लावला आणि काही महिन्यांत तडजोड होऊन ती चित्रफीत काढून टाकण्यात आली. तिचे तुकडे कुठे सापडलेच तर चुकूनही घेऊ नका. ओळ न ओळ कागदावर लिहून, घासून, पाठ करून मगच रंगमंचावर नेणाऱ्या माणसाच्या तोंडी त्याने न लिहिलेली वाक्ये घालणे हा त्याच्या कष्टांचा अपमान आहे.

अंत्रुजवासी (फोंडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजच्या बैठकीत ठरले ते असे : आरंभ २००८ सालच्या कार्यक्रमातील मरणावरच्या भागाने होईल, त्यानंतर 'सात शब्द' आणि सालसेतकर बाबांच्या माहितीच्या आधारे खटल्याची हकिकत, मग कॅथलिक शाळेचा भाग, १९९२ सालचा पृथ्वीवरचा भाग आणि त्यावर मोकळी चर्चा. फलकावर वयाची अट घातली आहे. देवाविषयीच्या १९९९ सालच्या भागावर मात्र एकमत झाले नाही. ज्येष्ठ सदस्यांनी तो घरी नेऊन पूर्ण पाहायचे मान्य केले आहे. त्यांचा निर्णय आला की येथे कळवीन.

बेसबॉल व फुटबॉलचा भाग त्यांच्या आग्रहाखातर ठेवला आहे आणि तो ठेवल्याचा मला आनंदच आहे. मात्र आमच्याकडे बेसबॉल कोणालाच ठाऊक नाही. खेळाडूने 'घरी' परतणे म्हणजे काय, 'सेफ' कोणाला म्हणतात, एवढे समजले तरी तो भाग लागू पडेल. कोणी पाच-सहा ओळींत मराठीत लिहून दिल्यास त्याच्या प्रती काढून दारात वाटता येतील.