अनुभव धागा : अंधारात, अरुंद रस्त्यावर पायी चालताना तुम्ही काय जपता?

दिवाळीनंतर सकाळी सहालाही अंधार असतो. फिरायला जाणारे, कॉलेजची मुलं, दूधवाले, सगळे एकाच डांबरी पट्टीवर. गाडीवाल्यांना बोल लावणारे धागे पुष्कळ झाले. तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत आणि त्याचा उपयोग झाला का, ते इथे लिहा. सुरुवात मी करते. आमच्याकडे पदपथ नाही, म्हणून आम्ही बायका उजव्या कडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक चालतो. गप्पा अर्ध्या राहतात, राहू देत.

शिक्षक, फलटण तालुका
उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचा रस्ता अवघड होतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. रिफ्लेक्टर असतो ट्रॉलीच्या सांगाड्यावर आणि मोळ्या हातभर बाहेर आलेल्या, मग तो दिसणार कसा? माझा चुलतभाऊ अशाच उभ्या ट्रॉलीवर आदळला, अजून लंगडतो. त्यानंतर गावात वर्गणी काढून आम्ही कापडी रिफ्लेक्टर शिवून घेतले. लाल कापड, त्यावर चकाकणारी पट्टी, चारी कोपऱ्यांना नाड्या. ऊस भरून झाला की तो मोळ्यांवरून मागे सोडायचा आणि दोरखंडाला बांधायचा. ड्रायव्हर बदलत राहतात, म्हणून ऊसतोड टोळीच्या मुकादमालाच हाताशी धरलं. तो हंगामभर तोच असतो, त्यामुळे काम टिकलं. आणखी एक कळकळीचं सांगणं : पंक्चर काढल्यावर चाकाखाली लावलेले दगड रस्त्यातच सोडून जातात. दिसले तर थांबून बाजूला करा.

सोसायटीची सेक्रेटरी, ठाणे
तळघरातल्या पार्किंगचा चढ जिथे वर येतो तिथेच मुलं सायकली फिरवतात. बहिर्गोल आरसा लावला, पण खरा फरक कोपऱ्यावरची बोगनवेल कंबरेएवढी छाटल्यावर पडला. गाडीवाल्याला मूल दिसू लागलं.

पांढरी काठी घेऊन चालणारा, पुणे
मी रस्ता कानांनी ओळखतो. बॅटरीवरची स्कूटर पदपथावरून आली तर आधी चाहूलच लागत नाही, एकदम वारा लागतो. पदपथावर गाडी चालवायला तर १९८९ च्या रस्ता-नियमांतच मनाई होती, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमांतही ती आहे. माझ्या रोजच्या वाटेवर पायाला कळणाऱ्या उठावाच्या फरशा थेट विजेच्या डीपीपाशी जाऊन संपतात. तिथून मला वाहत्या रस्त्यावर उतरावं लागतं. मदत करायची असेल तर दंड धरून ओढू नका. आधी बोला, मग कोपर पुढे करा. मी ते धरून तुमच्या अर्धं पाऊल मागे चालतो. पादचारी दिनाला, ११ डिसेंबरला, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो. २०२१ मध्ये हे सुरू झालं. त्या दिवशी मी तिथून कोणाचंही कोपर न धरता चाललो. असा दिवस प्रत्येक शहरात, महिन्यातून एकदा तरी हवा.

वारकरी, नगरकडचा
आषाढीला बंदोबस्त असतो. आमची छोटी दिंडी कार्तिकीला आळंदीला जाते, तेव्हा आमचे आम्हीच. पहाटे निघताना पताकावाल्याच्या आणि सगळ्यात मागच्या माऊलींच्या अंगात चकाकणारं जाकीट, मागच्याच्या हातात लाल टॉर्च. दोनच्या रांगेत, पांढऱ्या पट्टीच्या आत. सामानाचा टेम्पो पूर्वी मुक्कामाला पुढे जायचा. आता उजाडेपर्यंत तो चारही दिवे लुकलुकत ठेवून दिंडीच्या मागे चालतो.