लिहून हातात किती पडतात? ऑनलाइन लेखनाच्या कमाईचे अनुभव

अर्धविराम

'घरबसल्या लेख लिहा, महिना पन्नास हजार कमवा' ही जाहिरात कुणी ना कुणी मला पाठवतंच, आणि वर विचारतं, "तू लिहितोस ना, खरं असतं का रे हे?" माझ्या एकट्याच्या अनुभवावर काय सांगणार! म्हणून हा धागा. कुठे लिहिलंत, काय दर मिळाला, पैसे कधी आले, कुठे अडकले, सगळं लिहा. 'बऱ्यापैकी मिळतात' असलं मोघम नको. टोपणनावं घेऊन बसलोय सगळे, आकडा सांगायला लाजायचं कशाला?

सुरुवात मीच करतो. मी एजन्सीमार्फत काम करतो. विमा, बँका, आरोग्य यांच्या वेबसाइटसाठी लेख. कधी स्वतंत्र, बऱ्याचदा इंग्रजीवरून मराठीत. दर शब्दाला 60 पैशांपासून सव्वा रुपयापर्यंत. खाली माझं नाव नसतं, आणि 'मुदत ठेव मोडताना काय पाहावे' याखाली नाव यावं अशी हौसही नाही. नवीन लोकांना एकच सांगेन, अनुवाद असेल तर दर मूळ इंग्रजी शब्दांवर ठरवून घ्या. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर मोजताना कमी भरतो आणि राबून आपलंच बिल लहान होतं. बिल महिनाअखेरीस, पैसे त्यानंतर दीड ते दोन महिन्यांनी. पहिली दिवाळी उधारीवर काढायची तयारी ठेवा.

बांधावरचा

परभणी जिल्ह्यातून लिहितोय. माझा योजनांचा ब्लॉग आहे. पीक विमा, ठिबकचं अनुदान, सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, असले विषय. साहित्य वगैरे काही नाही, आधीच सांगतो.

मराठी ब्लॉगला ॲडसेन्सच्या, म्हणजे गूगलमार्फत येणाऱ्या जाहिराती सहज मिळत नव्हत्या तो काळ मी पाहिलाय. हिंदीला 2014 च्या शेवटी मान्यता मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षं लागली. मान्यता आली म्हणून पैसे लगेच हातात येत नाहीत. खात्यात 10 डॉलर जमले की ते तुमच्या पत्त्यावर टपालाने पिन पाठवतात. साधं दुमडून चिकटवलेलं पत्र असतं, आत सहा आकडे. आमच्या गावात एका आडनावाची निम्मी वस्ती. पोस्टमनने पत्र भलत्याच घरी टाकलं आणि त्यांनी ते लाइटबिलाच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती बंद होतात. शेवटी परत मागवला आणि पोस्टात जाऊन स्वतः घेऊन आलो. पुढे 100 डॉलर पूर्ण झाल्याशिवाय एक पैसा सुटत नाही. झाले की पुढच्या महिन्यात 21 ते 26 तारखेच्या दरम्यान पाठवतात. पहिल्यांदा पैसे आले तेव्हा बँकेतून फोन, "परदेशातून रक्कम आलीय, कशाची?" ब्लॉगची म्हटलं तर साहेबांना पटेना. जाहिरातीचं उत्पन्न म्हणून कागद लिहून दिला तेव्हा जमा झाले.

आता आकडा. एरवी महिन्याला चार ते सहा हजार रुपये. 2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली आणि त्या एका महिन्यात माझ्या आधीच्या पूर्ण वर्षाएवढे आले. अर्ज कुठे भरायचा, रेशनकार्ड पिवळं-केशरी असेल तर उत्पन्नाचा दाखला लागतो का, लग्नानंतर नाव बदललंय तर काय, बायका रात्री बारा वाजता हे शोधत होत्या. त्यांना मंत्र्याचं भाषण नको होतं, दाखल्याचं उत्तर हवं होतं. मी शासन निर्णयाची मूळ प्रत उघडून अट वाचायचो, मग लिहायचो, आणि प्रतीची लिंक खाली द्यायचो. निर्णय बदलला की त्याच रात्री लेख बदलायचा. आमच्या धंद्यात लेखनाला एक तास आणि जुना लेख ताजा ठेवायला महिनाभर.

तीन महिन्यांत शेकडो नवे ब्लॉग उगवले, माझेच परिच्छेद उचलून. गर्दी ओसरली, कमाईही ओसरली.

साधक

लेखन ही साधना आहे. पैशांसाठी लिहिलं की लेखणी बाटते.

बांधावरचा

दादा, पीक विम्याच्या लेखात लेखणी बाटायला असतं काय?

शेवंती

अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते. माझा प्रश्न तुम्हा सर्वांच्या उलटा होता, पैसे मिळू शकत होते आणि घेता येत नव्हते.

नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर आले. पुण्यात नोकरी होती, इथे काम करायला मनाई. वेळ जाईना म्हणून पाककृतींचा ब्लॉग काढला, इंग्रजीत, पदार्थ मात्र आपले. आळूचं फदफदं, भरली वांगी, थालीपीठ. वाचक वाढले तशी प्रत्येक भिशीत बायका म्हणायच्या, "अगं जाहिराती लाव ना!" वकिलाला विचारलं, तो म्हणाला लावू नका, ब्लॉग चालवून जाहिरातीचे पैसे घेणं हे काम धरलं जाऊ शकतं. तेव्हा वाचक रांग लावल्यासारखे येत होते आणि माझ्या खात्यात शून्य.

26 मे 2015 पासून नियम बदलला. ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीनकार्डच्या वाटेवरचं आय-140 (मालकाने केलेला अर्ज) मंजूर आहे, त्या एच-4 वाल्यांना कामाचा परवाना मागता येऊ लागला. परवाना हातात आला त्याच आठवड्यात जाहिराती सुरू केल्या.

इथला वाचक इंग्रजीत वाचतो आणि अमेरिकेत बसून वाचतो, म्हणून दर चांगला. मोठ्या जाहिरात-जाळ्यात शिरायला तेव्हा महिन्याला 50,000 सेशन्स (ब्लॉगला दिलेल्या भेटी) लागत. तिथे पोचल्यावर उत्पन्न जवळजवळ तिप्पट झालं. ऑक्टोबर ते डिसेंबर जाहिरातदार हात सैल सोडतात, जानेवारीत तेच वाचक, तेवढेच क्लिक आणि पैसे निम्म्यावर. गणपतीआधीचे दोन आठवडे उकडीचे मोदक एकटे बाकी सगळ्या पाककृतींना पुरून उरतात.

मोदकाचा लेख का चालला ते सांगते. फोटो काही खास नव्हते. इथे आंबेमोहोराची पिठी मिळत नाही, इंडियन स्टोअरमधलं पीठ जाडं आणि कोरडं, पारीला चिरा जातात. मी चार प्रकारची पिठं आणून उकड काढली आणि कुठल्याला पाणी किती, दूध घालायचं की नाही, झाकण किती मिनिटं, हे लिहिलं. जास्मिन तांदळाच्या पिठाला थोडी चिकटाई असते, त्याची पारी सर्वांत कमी फाटली. डेन्व्हर-डॅलसच्या मुलींना आईला फोन लावून हे उत्तर मिळत नव्हतं, कारण आईच्या हाताखालचं पीठच वेगळं. पुरणयंत्र, मोदकपात्र यांच्या दुव्यांवर कमिशनही मिळतं. दुव्यांतून पैसे मिळतात हे लेखात स्पष्ट लिहावं लागतं.

आणि कर! स्वयंरोजगाराचा 15.3 टक्के कर आयकराशिवाय वेगळा द्यावा लागतो. पहिल्या वर्षी बघून डोळे पांढरे झाले.

अर्धविराम

शेवंतीताई, चार पिठांवर लिहिलेला तो भाग मोलाचा. एजन्सीचं काम करताना 'एक वाटी तांदळाचे पीठ' यापुढे आम्ही जात नाही, कारण पुढे जायचे पैसे कुणी देत नाही.

लातूरकर_07

थोडक्यात लिहितो. एका चिनी बातम्यांच्या ॲपवर हिंदी आणि मराठीत लेख टाकायचो. 'या पाच राशींचं नशीब उजळणार', 'ही चूक केली तर फ्रिज फुटेल'. वाचले जातील तसे पैसे. चांगल्या महिन्यात पंधरा हजार सुद्धा पाहिलेत, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना. मथळा हाच सगळा धंदा, आत काय आहे ते मलाही आठवायचं नाही. 29 जून 2020 ला सरकारने 59 ॲप बंद केली, त्यात आमचंही गेलं. डॅशबोर्डवर दिसणारी रक्कम तिथेच राहिली. ईमेलला उत्तर नाही, विचारायला ऑफिस नाही. आता महा-ई-सेवा केंद्र चालवतो. बांधावरचा यांचे लेख दाखवूनच लोकांचे अर्ज भरतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळत असेल.

बांधावरचा

मग काउंटरवर माझी पाटी लावा भाऊ :)

माजघर

मी मालिका-कथा लिहिते, सांगलीकडची आहे. कथांच्या ॲपवर रोज एक भाग, हजार-बाराशे शब्दांचा. सासू-सुना, पुनर्विवाह, थोडं गूढ. पहिले काही भाग फुकट, पुढे कुलूप. वाचकाने वर्गणी भरावी, नाहीतर भाग उघडायची वाट बघावी. महिन्याला साडेतीन ते नऊ हजार पडतात, पण अट एकच, खंड पडता कामा नये. एकदा दिरांच्या लग्नात आठ दिवस लिहिलं नाही, परत आले तर निम्मे वाचक दुसरीच्या कथेवर जाऊन बसलेले. भाग कुठे तोडायचा याला गोष्टीपेक्षा जास्त किंमत. 'दार उघडलं आणि समोर...' इथे थांबलं की दुसऱ्या दिवशी पैसे येतात. थोडं वाईट वाटतं, पण गॅस सिलिंडर त्यातूनच भरतो.

पूर्ण झालेली एक कथा किंडलवर टाकली. मराठी पुस्तकं तिथे डिसेंबर 2016 पासून आहेत. भारतात 70 टक्के रॉयल्टी हवी तर किंमत 99 ते 449 रुपयांत हवी आणि पुस्तक फक्त त्यांच्याकडेच ठेवायचं, नाहीतर 35 टक्के. कुणी वर्गणीत वाचलं तर वाचलेल्या पानांवर पैसे. माझं पुस्तक विकत घेणारे मोजकेच, पानांचे पैसे बरे येतात. कथा ॲपवरून आधी काढावी लागली, ते वाचक मात्र मागे आले नाहीत.

आता ॲपवाले ऑडिओचे हक्क मागतायत, एकरकमी. करार इंग्रजीत आहे, मुदत कुठेच लिहिलेली नाही. कुणी जाणकार सांगेल का?

वहीखाते

माजघर ताई, मी कर आणि करारांचं काम करते, म्हणून लिहिते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 बघा. हक्क द्यायचे तर लेखी हवेत. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत तुमच्याकडे येतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. म्हणजे मुदत नसणं एका परीने तुमच्या फायद्याचं आहे, पण 'इन पर्पेच्युइटी' असे शब्द कुठे दडले नाहीत ना, ते पाहा. असले तर कायमचं गेलं.

बाकीच्यांसाठी कराचं. भारतातली कंपनी व्यावसायिक फी म्हणून पैसे देते तेव्हा 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापून ठेवते. वर्षाला 30,000 ची मर्यादा होती, एप्रिल 2025 पासून 50,000 झाली. पॅन दिला नाही तर 20 टक्के. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाहीत, आणि निम्मे लेखक ते भरतच नाहीत! फुकट सोडून देतात. पुस्तकाच्या रॉयल्टीवर जुन्या करपद्धतीत तीन लाखांपर्यंत सूट आहे, 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 80 क्यूक्यूबी. लेखांना ती लागू नाही.

आणि अर्धविराम, दोन महिने पैशांची वाट बघत बसू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा, ऑनलाइन आणि मोफत आहे. सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाला आणि मार्चअखेरपर्यंतही दिलं नाही तर देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की त्यांचेच अकाउंटवाले फोन करतात.

अर्धविराम

हे मला कुणी आधी का नाही सांगितलं! बिलावर उद्यम क्रमांक टाकतो आता.

खोडरबर

2022 पर्यंत एका मार्केटिंग एजन्सीसाठी महिन्याला तीसेक लेख लिहायचे, शब्दाला 80 पैसे. नोव्हेंबर 2022 ला चॅटजीपीटी आलं. आधी काही बदललं नाही, मराठी त्याला नीट येत नव्हती. मग यायला लागली. आता मला यंत्राने लिहिलेलं 'फक्त तपासून द्या' म्हणून येतं, शब्दाला 15 पैसे. तपासायला काय लागतं ते बघा. परवाच्या लेखात कोजागरीला मसाला दूध होतं, चंद्र होता, सगळं छान, आणि खाली सूर्याला अर्घ्य देण्याची कृती. वाक्यं गुळगुळीत, त्यामुळे चूक कुठे लपलीय ते ओळ न् ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. नव्याने लिहिण्याएवढाच वेळ जातो. 15 पैशांचं काम मी सोडलं. आता एका दंतवैद्यांकडे महिन्याला ठरलेल्या रकमेवर लिहिते. पेशंट खुर्चीत बसून जे विचारतात ते डॉक्टर फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात, मी त्याचे लेख करते. शब्द मोजत नाही कुणी.

साधक

वरचं सगळं वाचलं. माझे दोन कवितासंग्रह स्वखर्चाने निघाले आहेत, त्यातले गठ्ठे माळ्यावर आहेत. किंडलचं कसं करतात, माजघर ताई?

माजघर

काका, मजकूर युनिकोडमध्ये आहे का? श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी बदलून घ्यावा लागेल, जोडाक्षरं फुटतात, कविता परत वाचून काढावी लागेल. तेवढं झालं की मला कळवा, पुढचं मी सांगते.

सूतगिरणी

मी इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवतो. बारावी झालीय, लिहायला आवडतं. महिन्याला चार-पाच हजार मिळाले तरी बास. योजनांचा ब्लॉग काढू का?

बांधावरचा

योजना नको, तिथे आता पाय ठेवायला जागा नाही. सुताचे रोजचे भावही नकोत, दुपारी शिळे होतात. तुमच्या मागावर लिहा. धागा सारखा तुटतो तेव्हा काय बघायचं, कुठला सुटा भाग किती महिने टिकतो, जुना माग विकत घेताना काय तपासायचं. वाचक थोडे येतील, पण जे येतील ते कारखानदार असतील. ॲडसेन्सवर त्याचे काही मिळणार नाहीत, त्या नादाला लागू नका. वीस-पंचवीस लेख झाले की सुट्या भागांच्या दुकानदारांना फोनवर दाखवा आणि जाहिरातीचे महिन्याला हजार रुपये रोख सांगा. मालेगाव आणि भिवंडीचे पण बघा, तिकडेही माग आहेत.

सूतगिरणी

आमच्या गल्लीतच तीन दुकानं आहेत तसली.